आणखी रिपीट नको, आधी लेकीला विचारा

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, जमलं नाही. आता काचेचे मणी बनवायचं खूळ घेतलंय. आगीपुढं बसणं पोरीचं काम आहे का? तिला समजावून सांगा. (एक वडील, लातूर)

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. क्लासची फी किती गेली, भावकीत काय तोंड दाखवायचं, सगळं लिहिलंत, पण लेक काय म्हणते याची एक ओळ नाही. ती रात्रीची जेवत नाही हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. मार्कांचं नंतर बघू. आज तिला जवळ बसवा, विचारा, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका. आणखी एका रिपीटची फी तर अजिबात भरू नका.

आता ते 'पोरीचं काम'. घरातल्या बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या असतील ना, त्या बांगडीची दोन टोकं ज्योतीवर धरून जोडायचं काम उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादेत घरोघरी जास्त करून बायकाच करतात. इटलीत काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुरानो बेटावरच्या मारिएत्ता बारोविएर या बाईला १४८७ मध्ये स्वतःची छोटी भट्टी लावायची परवानगी मिळाली होती. आणि न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीचे ते रंगीत काचेचे दिवे, त्यातले कितीतरी तिथं काम करणाऱ्या क्लारा ड्रिस्कॉलनं डिझाइन केले, तिच्या हाताखालच्या मुलींनी काचा निवडून कापल्या, नाव मात्र शंभरेक वर्षं मालकाचंच राहिलं, याचा मला खरंच राग येतो. मणी करताना गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून सळईवर गुंडाळतात, सळई सतत फिरती ठेवायची, मग मणी हळूहळू थंड करायचा, घाई केली की तडकतो. यात दंडातली ताकद कुठं लागते? हात स्थिर लागतो. डोळ्याला चष्मा आणि खोलीत हवा खेळती पाहिजे, ते मात्र बघा.

पैसा लगेच मिळणार नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. एनआयडी या सरकारी डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेश परीक्षा दिली तर अहमदाबादला सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, नाहीतर सीईटी देऊन बीएफए, म्हणजे कलेची पदवी. एनआयडीला वयाची अट असते, ती आत्ताच तपासा, रिपीट करत बसलात तर तोही रस्ता बंद होईल.

आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाव तुमच्यापासून लांब नाही, तिथं उत्खननात सातवाहन काळातले काचेचे मणी निघालेत. तिथल्या म्युझियमला दोघंच जाऊन या. पुढचं पत्र तिला लिहू द्या.