जेवणानंतर पोट फुगतं. बडीशेप नुसती चावावी की पाण्यात उकळून प्यावी?

दोन्ही चालेल, पण उकळत ठेवू नका. बडीशेपेचा वास आणि गुण तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. त्यातला मुख्य घटक अ‍ॅनेथॉल. आतड्याचे आखडलेले स्नायू सैल करायला हे तेल मदत करतं, म्हणून गॅस सुटतो. दीड-दोन ग्रॅम दाणे (साधारण चमचाभर) ऐन वेळी ठेचा, कपभर उकळतं पाणी ओता आणि 15 मिनिटं झाकून ठेवा. झाकण महत्त्वाचं, नाहीतर सुगंध घरभर आणि कपात नुसतं पिवळट पाणी! युरोपीय औषध संस्थेनेही सौम्य पोटफुगीसाठी बडीशेप मान्य केली आहे, मात्र दीर्घकालीन पारंपरिक वापराच्या आधारावर. हा काढा गरोदरपणात आणि चार वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.