चिंतामणराव देशमुखांची कारकीर्द मुलाखतीत कशी सांगावी?

चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले सनदी अधिकारी. ठाणे महापालिकेच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला त्यांचं नाव आहे. त्यामुळे तिथे शिकलेल्या उमेदवाराला प्रशासकीय सेवेच्या मुलाखतीत त्यांच्यावर प्रश्न हमखास येऊ शकतो.

चुका दोन ठिकाणी होतात. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर नव्हेत. तिसरे, पण पहिले भारतीय (१९४३ ते १९४९). दुसरी चूक त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्ष म्हणण्याची. १९५३ साली पहिले अध्यक्ष शांतिस्वरूप भटनागर होते. १९५६मध्ये आयोग कायद्याने स्थापन झाल्यावर देशमुख अध्यक्ष झाले.

सुरुवात रायगडातल्या नाते गावापासून करा. १९१२च्या मॅट्रिकला पहिला नंबर, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, मग १९१८च्या आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) परीक्षेत पहिले. नेमणूक मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९४४ला ब्रेटन वुड्स परिषद, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली. जॉर्ज सहाव्याच्या चित्राच्या दहा रुपयांच्या नोटेवर त्यांची सही सापडते, एकदा जरूर बघा.

खरं वजन १९५६च्या राजीनाम्याला द्या. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला विरोध म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राचा संदर्भ दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, कारण पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

विद्वत्तेबद्दल विचारलं तर मेघदूताचा मराठी अनुवाद सांगा. मॅगसेसे पुरस्कार १९५९चा.