त्वचेखाली गेलेलं परत काढता येत नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक प्रकल्प हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, महिन्याचं इंजेक्शन दोन महिन्यांवर नेण्याचा, दुसरा औषध अंगात असताना रक्त किती गोठतंय ते मोजण्याचा. पहिल्यात नाव आहे, दुसरा रटाळ वाटतो, काय करू, असं विचारलंयस. दुसरा घे. जरा चिडूनच सांगतोय, कारण ‘आधी औषध तर होऊ दे, मोजणीचं नंतर बघू’ हे तुझं वाक्य एकेकाळी माझं होतं.

सुई शिरेतून त्वचेखाली आणायची ओढ मला कळते. दीड वर्षाचं पोर आईच्या मांडीवर, दंडाला पट्टा आवळलेला, शीर सापडत नाही. बटरफ्लाय सुई तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा आई पोराकडे बघतच नव्हती. नळीत रक्त मागे येतंय का, एवढंच बघत होती. शिरेतून द्यायचा तो फॅक्टर ८, या पोरांत कमी असलेलं रक्त गोठवणारं प्रथिन. तो निम्मा व्हायला साधारण १२ तास, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा हेच. त्यात इनहिबिटर, म्हणजे त्या फॅक्टरविरुद्ध शरीरानेच केलेल्या अँटीबॉडी, तयार झाले की तो फॅक्टरही निकामी. २०१७ मध्ये एमिसिझुमॅब या त्वचेखाली द्यायच्या औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हा अशा घरांना काय वाटलं असेल याची कल्पना कर. फॅक्टर ८ नसतानाही फॅक्टर ९अ आणि १० यांना एकत्र धरून ठेवणारी ती अँटीबॉडी. इनहिबिटर तिला ओळखतच नाहीत.

पण शिरेतून दिलेला फॅक्टर चुकून जास्त झाला, तर दोन-तीन दिवसांत ओसरतो. एमिसिझुमॅब निम्मं व्हायलाच चार आठवडे लागतात. त्वचेखाली गेलेलं परत काढता येत नाही. पहिल्या मोठ्या चाचणीत काही रुग्णांना रक्तस्राव झाला आणि जुन्या सवयीने एपीसीसी, म्हणजे गोठवणाऱ्या फॅक्टरांचं मिश्रण, दिलं गेलं. २४ तासांत किलोमागे १०० युनिटपेक्षा जास्त, तेही एकाहून अधिक दिवस. तेव्हा गुठळ्या झाल्या, बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या. एपीसीसी दिल्यास हा धोका एमिसिझुमॅबच्या शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो.

फिटुसिरान या त्वचेखालच्याच दुसऱ्या औषधाचंही तेच. ते रक्त गोठण्याला आवर घालणारं अँटिथ्रॉम्बिन कमी करतं. २०१७ मध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन एक रुग्ण दगावला आणि चाचणी थांबली. पुढे अँटिथ्रॉम्बिन मोजून १५ ते ३५ टक्क्यांत ठेवायचं ठरलं, डोस त्याप्रमाणे बदलले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते औषध मोजणीने वाचवलं. रटाळ म्हणतोस ना?

माझी गोष्ट सांगतो. एका कंपनीत चाचणीचा आराखडा लिहिताना ‘औषध चालू असताना रक्तस्राव झाल्यास’ या मुद्द्याला मी अर्धं पान दिलं. एका रात्री डॉक्टरांचा फोन आला. मुलाचा गुडघा सुजलाय, आधीच्या डोसचा असर किती शिल्लक आहे, वरून काय देऊ, किती देऊ? मी गप्प. त्यांनी घाबरून कमी दिलं, त्यांची काहीच चूक नव्हती. तो सांधा पुन्हा नीट वाकला नाही.

त्यानंतर मोजणीचं ठरेपर्यंत मी पुढचा गट सुरू होऊ दिला नाही. सात महिने. सहकारी हट्टी म्हणाले, वर तक्रार गेली. ते महिने फुकट गेले असं म्हणणारे आजही भेटतात. नाही गेले. मी आजही तेच करीन, आणि हे तुला पटवण्याइतकंच स्वतःलाही सांगतोय, हे कबूल करतो.

तू हुशार आहेस, म्हणूनच राग येतो. महिन्याचे दोन महिने करशील, तेव्हा चुकीचा डोस अंगात किती दिवस राहील ते आधी लिहून काढ. परत काढता येत नाही, हे तिथे तुला आकड्यात दिसेल.

आणि कामाला लागलास की पहिल्या आठवड्यात एक कर. एमिसिझुमॅब घेणाऱ्याच्या नमुन्यावर साधी एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लाव. आकडा नॉर्मल येईल, आणि तो खोटा असेल. मग त्याच नमुन्यातला फॅक्टर ८ गायीच्या प्रथिनांवर चालणाऱ्या क्रोमोजेनिक, म्हणजे रंगावरून मोजणाऱ्या, चाचणीने मोज. गायीचे फॅक्टर ही अँटीबॉडी धरत नाही, म्हणून ती चाचणी फसत नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून मला पाठव.