पंचनाम्यानंतर पडलेली भिंत

प्रश्न : मावशी, आमचं गाव माढा तालुक्यात, सीनेच्या काठावर. सप्टेंबर 2025च्या पुरात घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरलं तेव्हा भिंती उभ्या होत्या, म्हणून पंचनाम्यात ‘अंशतः पडझड’ लिहिलं. चार-पाच दिवसांनी मागची भिंत बसली, मग स्वयंपाकघराची. आता माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, एका अंगाला झुकलंय. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले. दीर चिंचवडला असतात. नदीकाठची वस्ती गायरानात हलवायचा ठराव ग्रामसभेत येणार आहे. मी हात वर करू का? आणि तोवर या घराचं काय?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : पोरी, त्या माळवदाखाली आता कुणीही झोपायचं नाही, शेरडंसुद्धा बांधायची नाहीत. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या औसा तालुक्यातली माणसं स्वतःच्या घराखालीच गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर. ओली झालेली मातीची भिंतही तशीच दगा देते. तिच्यातला जोर जातो, वरचं ओझं मात्र तेवढंच राहतं. पाणी असताना तग धरलेली भिंत पाणी ओसरल्यावर बसते ती यामुळे.

म्हणजे तुझा पंचनामा खोटा नव्हता, तो भिंत पडण्याआधी झाला होता. हेच तहसीलदारांच्या नावे अर्जात लिही आणि फेरपंचनामा माग. पंचायत समितीच्या अभियंत्याने येऊन घर राहण्याजोगं आहे का ते पाहावं, असंही त्यात घाल. भिंत कधी पडली ते लिही, शेजारच्या दोघांच्या सह्या घे, ढिगारा उचलण्याआधी फोटो काढ आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला 4 हजार रुपये मिळतात, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार. एवढ्या फरकासाठी तालुक्याला दोन हेलपाटे घालावे लागले तरी घाल.

मदतीला घर अधिकृत असावं लागतं आणि गावात त्यासाठी पहिल्यांदा नमुना नंबर 8चा उतारा मागतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे, पण तिच्यावाचून फाईल पुढे सरकत नाही. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज द्या. दिरांची लेखी संमती आत्ताच मागवा. पैसे आल्यावर हा विषय काढला की घरात वितुष्ट येतं. नोंद तुम्हा नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगा. त्याला कुणी नको म्हणालं तरी तू सोडू नकोस.

आता ग्रामसभेचं. भूकंपानंतर मी आमच्या ग्रामपंचायतीत संवाद सहायक होते. ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त होणार होती, तिथं सरकारचं म्हणणं बायांना समजावणं आणि बायांचं म्हणणं वर पोचवणं, हे आमचं काम. मदत हप्त्याहप्त्याने यायची, घर मात्र ज्याचं तो बांधायचा. कुठे लोखंड घालायचं, भिंतीत आरपार दगड का लागतो, हे बाया गवंड्याला विचारायला शिकल्या. पुढे त्या पंचायतीतही बोलायला लागल्या. याउलट 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. तिथं जमिनीच्या मानाने 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. पक्की होती, त्याबद्दल वाद नाही. पण भूमिहीनाच्या वाट्याला सर्वांत लहान घर आलं आणि शेळी, चूल, सरपण कुठे ठेवायचं हे कुणी विचारलं नव्हतं. गावं ऐसपैस पसरली, शेतं लांब पडली. लोकांनी मग घराला लागून पत्रे ठोकले. हे विचारायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दर पुरात पाणी शिरत असेल तर जागा सोडावीच लागेल. लेकरं घेऊन तिथं राहा, असं मी सांगणार नाही. पण हात वर करण्याआधी सभेत उभी राहून विचार : गायरान गावापासून किती लांब? पाणी, वीज, रस्ता घरांच्या आधी की नंतर? घर ठेकेदार बांधणार की पैसे आमच्या खात्यात येणार? माझं मत विचारशील तर खात्यात यावेत आणि पंचायतीने अभियंता व गवंडी गाठून द्यावा. गायरान नुसत्या ठरावाने मिळत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तो प्रस्ताव कधी जाणार, तेही सरपंचांकडून सगळ्यांसमोर वदवून घे. तोवर एखादं कुटुंब घरकुलाला पात्र असून केवळ जागेअभावी अडलं असेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला 1 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) त्याचीही चौकशी कर.

शेजारच्या चार-सहा जणींना सोबत ने, एकटी उभी राहू नकोस. गोठ्याची जागा आणि शेताकडची वाट ठरावाच्या मजकुरात घालून घ्या, मग हात वर करा. सभा संपली की ठरावाची नक्कल मागणारा अर्ज त्याच दिवशी दे.