साडीच्या फॉलवर लाल रेघ मारणाऱ्यांसाठी

ताई, तुमचा मुलगा आठवीत. पेपरात इंग्रजी ‘फॉल’ या शब्दाची वेगवेगळ्या अर्थांची चार वाक्यं लिहायची होती, त्यातलं एक त्यानं साडीच्या फॉलवर लिहिलं आणि टीचरनी ते कापलं. तुम्ही विचारताय, फॉलचे अर्थ एकूण आहेत तरी किती, आणि ते त्याच्याकडून पाठ कसे करून घ्यायचे?

मोजू नका आणि पाठ तर मुळीच करून घेऊ नका. पण त्या कापलेल्या वाक्याबद्दल मला बोलायचंय. १९८२ साली मी नववीत होते आणि हेच वाक्य माझ्याही पेपरात कापलं गेलं होतं.

आम्ही इंदूरला रामबागेत राहायचो. बाबा गेल्यावर आई सीतलामाता बाजारातल्या दोन दुकानांमधून फॉल-पिकोच्या साड्या घरी आणायची. पिको एका मशीनवाल्याकडून व्हायचा, फॉल मात्र तिच्या हातचा. रात्री जेवणं आटोपली की बादलीत फॉल भिजायला पडायचे. सुती फॉल न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यातच आटतो, आणि मग काठाला ज्या चुण्या पडतात त्या इस्त्रीनंही जात नाहीत. सकाळी दोरीवर ते वाळत असायचे. साडीशी रंग जुळवायचं काम माझं. राणी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी हे रंग मी पुस्तकातून नाही, त्या दोरीवरून शिकले. आई खालची कड मशीनवर मारायची आणि वरची हातानं तुरपायची. सुलट्या बाजूनं टाका सुईच्या टोकाएवढासुद्धा दिसता कामा नये, हा तिचा नियम. महेश्वरी साडी आली की आधी गिऱ्हाइकाला विचारायची, कारण तिचा काठ दोन्ही बाजूंनी मिरवता येतो, फॉल लावला की एक बाजू झाकली जाते. एका साडीचे तीन रुपये मिळायचे. माझी वह्या-पुस्तकं त्यातूनच आली.

सहामाहीत प्रश्न आला, फॉलवर दोन वाक्यं लिहा. पहिलं मी पानांवर लिहिलं. दुसरं लिहिलं, ‘माय मदर स्टिचेस फॉल्स.’ पेपर वाटताना सरांनी मला उभं केलं, वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, “हिची आई धबधबे शिवते.” अख्खा वर्ग हसला. त्यानंतर दहावी होईपर्यंत मुली मला पाताळपाणी म्हणायच्या. महूजवळचा तो धबधबा आम्हा सगळ्यांच्या सहलीतला, सुमारे तीनशे फूट खोल कोसळणारा. फार सुंदर जागा आहे. मी लग्न होईपर्यंत परत तिथे गेले नाही.

व्याकरणापुरतं बोलायचं तर सरांचा विनोद बरोबर होता. अनेकवचनी ‘फॉल्स’ म्हणजे धबधबा होतो, नायगारा फॉल्स, व्हिक्टोरिया फॉल्स. पण मी विचारलं, “सर, मग साडीच्या फॉलला इंग्रजीत काय म्हणायचं?” त्यावर ते म्हणाले, “काही नाही. तो इंग्रजी शब्दच नाही. अडाण्यांनी उचललेला आवाज आहे.”

हे घरी मी सांगितलंच नाही. संध्याकाळी नेहमीसारखी दोऱ्याची रिळं लावत बसले.

पाच वर्षांनी शिवण-कटाईचा सरकारी कोर्स केला. तिथे शर्टाची कॉलर शिकवताना मास्तरांनी फळ्यावर दोन भाग काढले. गळ्याभोवती उभी राहणारी पट्टी तो स्टँड, आणि तिच्यावरून दुमडून खाली येतो तो भाग फॉल. मी हात वर करून विचारलं, हा शब्द आपल्याकडचा का? ते म्हणाले, “विलायती आहे, पॅटर्नच्या पुस्तकात छापलेला आहे.” तेव्हा मला एवढंच कळलं. पुढे मी स्वतः शोधत गेले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कडक चुणीदार गळपट्ट्यांची फॅशन गेली आणि खांद्यांवर सपाट पडणारी कॉलर आली, तिला ‘फॉलिंग बँड’ किंवा नुसतं ‘फॉल’ म्हणत. कापड अंगावरून कसं उतरतं, त्याच्या निऱ्या कशा सुटतात, त्यालाही इंग्रजीत कापडाचा फॉलच म्हणतात. आता साडीच्या फॉलचं काम काय ते बघा. काठाला वजन द्यायचं, म्हणजे निऱ्या सरळ खाली पडतात, फुगत नाहीत, आणि काठ जमिनीला घासून विरत नाही. शब्द अगदी जागच्या जागी बसलाय. अडाण्याचं काम नाही हे.

त्याच कोर्समध्ये ‘रन अँड फेल’ शिलाई आली. जीन्सच्या बाजूला दुहेरी टीप असते ना, ती. आधी साधी शिलाई मारायची, मग आतली कड दुमडून खाली पाडायची आणि तिच्यावर टीप घालायची. यातलं फेल म्हणजे नापास नव्हे, आणि फॉलचा भूतकाळही नव्हे. हे वेगळं क्रियापद आहे, अर्थ ‘पाडणे’. झाड पाडणे म्हणजे ‘फेल द ट्री’, तेच हे. आणि हातानं कड दुमडून बारीक टाक्यांनी बसवायची, तिलाही ‘फेलिंग’ म्हणतात. म्हणजे आई रोज रात्री जे करायची ते इंग्रजीत नीट सांगायचं तर ती फॉल फेल करायची. आईच्या तीन रुपयांच्या कामात इंग्रजीचं सख्खं क्रियापदांचं जोडपं बसलं होतं, आणि ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्या मुलाला शिकवायचं तर इथून सुरुवात करा. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या ढिगानं आहेत. इंग्रजीतही पूर्वी तशा होत्या, आता थोड्या उरल्यात: सिट-सेट, लाय-ले, राइझ-रेझ आणि फॉल-फेल. गोंधळ होतो तो फॉलचा भूतकाळही ‘फेल’ असल्यामुळे. झाड पडलं, ‘द ट्री फेल’. त्यानं झाड पाडलं, ‘ही फेल्ड द ट्री’. मराठी मुलाला हे दोन मिनिटांत कळतं, फक्त कुणीतरी त्याच्या भाषेतून दाखवायला हवं.

बाकीच्या अर्थांसाठी ‘पडणे’ हाताशी धरा. भाव पडले, सरकार पडलं, किल्ला पडला, विकेट पडली, अंधार पडला, आजारी पडला, पाऊस पडला, लढाईत पडला. या सगळ्याला इंग्रजीत फॉल चालतो. होळकर स्टेडियमवरच्या मॅचच्या स्कोअरकार्डात ‘फॉल ऑफ विकेट्स’ हा रकाना असतोच. उलट बाजूनं जपा. प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, महाग पडतं, माणूस निवडणुकीत पडतो, तिथे फॉल लावायचा नाही. आणि झोपेत मराठी माणूस पडत नाही, लागते ती झोप. इंग्रज मात्र झोपेत पडतो, ‘फॉल अस्लीप’.

काही जागा खरंच अवघड आहेत. ‘फॉल इन’ म्हणजे रांगेत उभे राहा. महूला छावणी असल्यामुळे आमच्याकडच्या एनसीसीच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. ‘फॉल आउट’ म्हणजे रांग सोडा, आणि तेच दोन मैत्रिणींबद्दल म्हटलं तर बिनसलं. ठरलेला बेत फिसकटला तर ‘फॉल थ्रू’. कुस्तीत दोन्ही खांदे गादीला टेकवले की ‘फॉल’, आपलं चितपट. तिथे जिंकणारा फॉलनं जिंकतो.

आणि ऋतू. अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबरला फॉल म्हणतात, म्हणून तो अमेरिकनांचा बिघडलेला शब्द आहे असं आमच्या सरांचं मत होतं. तेही चूक. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्येच ‘फॉल ऑफ द लीफ’ म्हणत, तिथून तो अमेरिकेत गेला आणि टिकला. इंग्लंडनं मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला ‘ऑटम’ ठेवला. मराठीत याला डोळे मिटून शरद म्हणू नका. आपल्या माळव्यात शरदात पानं झडत नाहीत, सागाची-पळसाची पानं शिशिरात, माघ-फाल्गुनात झडतात.

सर मला वीस वर्षांनी एका मुंजीत भेटले. नमस्कार केला आणि कॉलरचा स्टँड-फॉल, रन अँड फेल, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ते दर्ज्यांचं इंग्रजी गं.” पंगत बसत होती, मी गप्प राहिले. आज सांगते. विकेटचा फॉल क्रिकेटवाल्यांचा, फॉल इन शिपायांचा, चितपटवाला फॉल पैलवानांचा. ते तुम्हाला चालतात, मग सुईवाल्यांचाच का चालत नाही? भाषेत शब्द आले ते काम करणाऱ्यांकडून आले. ज्यानं कधी फॉल भिजत घातला नाही त्यानं तो इंग्रजी आहे की नाही हे ठरवू नये.

हेही सांगायला हवं की सरांनी काळ आणि कर्मणी इतके पक्के करून घेतले की मला आजही त्यात अडचण येत नाही. आणि साडीच्या फॉलचा हा नेमका अर्थ आपल्याकडच्याच इंग्रजीत चालतो. लंडनमधल्या माणसाला नुसतं ‘फॉल शिवते’ म्हटलं तर कळणार नाही, त्याला काठाला आतून लावलेली पट्टी असं समजावावं लागेल. म्हणून मुलाला परीक्षेत पूर्ण लिहायला सांगा, साडीला फॉल लावला, ‘शी स्टिच्ड अ फॉल ऑन द सारी’. त्यानं नुसतं ‘फॉल्स’ लिहून सोडलं असेल तर अर्धा मार्क जाणं मला मान्य आहे. पूर्ण नाही.

वाक्य नीट असेल तर पेपर घेऊन शाळेत जा. भांडू नका, टीचरना कॉलरचा स्टँड आणि फॉल दाखवा, तुमच्या स्वतःच्या साडीचा काठ उलटून दाखवा. माझी आई नक्की गेली असती. मी तिला सांगितलं असतं तर.