शारजाच्या शाळेचा व्हिसाखर्च तुम्ही का भरायचा?

प्रश्न : मी कोल्हापुरात विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीत कायम आहे. हातात ३६,००० रुपये येतात. शारजातल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेची दोन वर्षांची ऑफर आली आहे. पगार महिना ४,५०० दिरहम, त्यात मूळ पगार २,५००, आणि राहायला शाळेचीच शेअरिंगची खोली. मुंबईचा एजंट सांगतो की वर्क परमिट, रेसिडेन्स व्हिसा, मेडिकल आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) मिळून १,८४,००० रुपये आधी भरा, नाहीतर शाळा पगारातून दरमहा ५०० दिरहम १६ महिने कापून घेईल. मधेच नोकरी सोडली तर उरलेली रक्कम एकदम द्यायची. आमची अडीच लाखांची एफडी आहे, थोडे दागिने आहेत. यजमान एमआयडीसीत नोकरीला आहेत. सात वर्षांची मुलगी सध्या इथेच राहील. एफडी मोडू की सोनेतारण कर्ज घेऊ? इंग्लंडला गेलेल्या माझ्या मैत्रिणीनेही व्हिसाचे पैसे स्वतःच भरले होते.

उत्तर : ताई, एफडी मोडू नका आणि दागिनेही गहाण ठेवू नका. हे पैसे तुम्ही द्यायचेच नाहीत. शारजाला जायला माझा विरोध नाही, उलट गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी ही संधी नीट तपासून घ्यावी असंच मला वाटतं. पण या अटीवर जाऊ नये.

शारजा ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीचा खासगी क्षेत्रासाठीचा कामगार कायदा, म्हणजे २०२१ चा ३३ क्रमांकाचा संघीय कायदा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की भरती आणि नेमणुकीचा खर्च मालकाने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे वसूल करायचा नाही. वर्क परमिट, रेसिडेन्स व्हिसा, त्यासाठीची वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी हे सगळं त्या खर्चात येतं. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. एजंटने आधी घेतले काय आणि शाळेने महिन्याला ५०० दिरहम कापले काय, दोन्ही बंद. ५०० गुणिले १६ म्हणजे ८,००० दिरहम, आणि २३ रुपयांच्या दराने त्याचे बरोबर १,८४,००० होतात. म्हणजे तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवलेलेच नाहीत, एकच रक्कम दोन दारांनी मागितली आहे.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद बघा. परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात शिक्षिकेला तिथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल, तर तिने एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि पहिल्या शाळेचा भरतीखर्च भरून द्यायचा तो नव्या शाळेने. मायदेशी परतायचं असेल तर चौदा दिवसांची नोटीस. तीन महिन्यांच्या आत ती नव्या मालकाकडे परत आली, तरी भरपाई नव्या मालकानेच द्यायची. या खर्चाचा हिशोब दोन मालकांनी आपसात मिटवायचा आहे. ‘मधेच सोडलं तर उरलेली रक्कम एकदम’ ही अट त्या हिशोबात तुम्हाला ओढते, म्हणून तीही मान्य करू नका.

तुमच्या मैत्रिणीचं उदाहरण खोटं नाही, पण ते इंग्लंडचं आहे. तिथे व्हिसा अर्जाचं शुल्क आणि आरोग्य अधिभार अर्जदाराच्या नावावर निघतो. अधिभार प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे तीन वर्षांचे ३,१०५ पौंड, तेही अर्जासोबतच. एखादी शाळा तो भरते, एखादी भरत नाही. तरी तिथेही शाळेवर पडणारा इमिग्रेशन स्किल्स चार्ज शिक्षकाच्या माथी मारायला मनाई आहे. देश बदलला की कोणी काय भरायचं हेही बदलतं. शारजाला शारजाचा कायदा लावायचा.

आता पैशांचं बोलू. आजचा दर थोडा वरखाली असेल, पण हिशोब हात राखूनच करावा, म्हणून मी २३ रुपयेच धरतो. ४,५०० दिरहम म्हणजे १,०३,५०० रुपये. हा आकडा ३६,००० च्या शेजारी ठेवला की डोळे दिपतात, पण तुलना अशी करू नका. खोली शाळेची असली तरी जेवण, फोन, येणं-जाणं, औषधपाणी आणि किरकोळ खर्चाला मी १,४०० दिरहम धरले आहेत. उरले ३,१००, म्हणजे ७१,३०० रुपये. त्यातून आज घरात येणारे आणि उद्या बंद होणारे ३६,००० वजा करा. तुमच्यामागे मुलीच्या शाळेनंतरच्या वेळेची सोय करावी लागेल, तिचे ८,००० धरा. घराच्या खिशात खऱ्या अर्थाने वाढतात ते महिना २७,३०० रुपये.

दोन वर्षांत हे ६,५५,२०० होतात. वर ग्रॅच्युइटी मिळेल. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, आणि तो २,५०० वरच मोजतात, ४,५०० वर नाही. म्हणजे दोन वर्षांचे ३,५०० दिरहम, ८०,५०० रुपये. एकूण ७,३५,७००. एजंटचे १,८४,००० त्यातून गेले, तर दोन वर्षं लेकीपासून लांब राहून कमावलेल्या रुपयातले चार आणे गेले.

त्याहून वाईट शक्यता पहिल्या सहा महिन्यांतली आहे. परिवीक्षा जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते, आणि त्या काळात शाळा चौदा दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला कमी करू शकते. समजा चार महिन्यांनी तसं झालं. तोवर तुमची खरी वाढीव कमाई १,०९,२००, दिलेले १,८४,०००. कोल्हापुरात परताल तेव्हा पाऊण लाखाचा खड्डा, इथली नोकरी गेलेली आणि दागिने बँकेत. परमिटचा खर्च शाळेने केला असेल, तर शिक्षिकेला लगेच घालवणं शाळेलाही महागात पडतं, त्यामुळे निवड करतानाच शाळा विचार करते. तोच खर्च तुमच्याकडून वसूल झाला असेल, तर शाळेचं काहीच अडकलेलं नसतं. म्हणूनच मी सांगतो की ऐपत असली तरी हे पैसे देऊ नका. नोकरी फसली तर झळ कोणाला लागणार, हे या एका खर्चावरून ठरतं.

जे खर्च खरंच तुमचे आहेत, त्यांची तयारी मात्र मोकळ्या मनाने करा. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांचं साक्षांकन बहुतेक शिक्षक स्वतःच करून घेतात. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असा तो शिक्क्यांचा प्रवास आहे. पोलिसांचा दाखला धरून यासाठी ३०,००० बाजूला ठेवा. एजंट भारत सरकारकडे नोंदणीकृत असेल, तर त्याला सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. पावती द्यायला का-कू करणाऱ्या एजंटशी पुढे बोलूच नका, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करा. पहिला पगार हातात येईपर्यंत खर्चाला १,५०० दिरहम, म्हणजे ३४,५०० रुपये लागतील. हे सगळं मिळून ९९,९०० होतात. एफडीतून एक लाख काढा, उरलेल्या दीड लाखाला हात लावू नका. ती तुमची परतीची वाट आहे.

एक मोठा खर्च तुमच्या पत्रात आलेलाच नाही. तुम्ही कायम शिक्षिका आहात. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमांनुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, नाहीतर तेवढा पगार भरावा लागतो. तुमच्या बाबतीत हा सुमारे लाखाचा विषय आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष तिथे एप्रिलमध्ये सुरू होतं, एजंट मार्चमध्ये घाई करतो आणि शिक्षिका नोटीस न देता नोकरी सोडून मोकळी होते. असं करू नका. शारजाच्या शाळेकडून रुजू होण्याची तारीख लेखी घ्या, ती तीन महिन्यांत बसत नसेल तर पुढची मागा. इथल्या मुख्याध्यापकांशीही बोला. वर्ष संपताना जाणार असाल आणि बदली शिक्षिका मिळवायला मदत केलीत, तर अनेक संस्था समजून घेतात. बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनाम्यापेक्षा ती कधीही चांगली.

राजीनामा कधी द्यायचा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर तुमच्या सहीसाठी यायला हवं. शाळेच्या लेटरहेडवरचा कागद पुरेसा नाही. पुढचा करार त्या ऑफरशी जुळणारा असावा लागतो, म्हणून पगाराची फोड, खोली, तिकीट, सगळं त्यातच बघून घ्या. त्यानंतर नोकरीचा एंट्री परमिट येतो. तो हातात आल्यावरच राजीनामा. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, शिकवायला लागा, मग बदलून देऊ’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. परमिटशिवाय काम करून घेणं तिथे इतका गंभीर गुन्हा आहे की २०२४ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो. अडकतो मात्र कामगारही.

शाळेला, एजंटला नव्हे, एक छोटा ईमेल पाठवा. भाषा नम्र ठेवा. वर्क परमिट, रेसिडेन्स व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा यांचा खर्च शाळा करणार आहे ना, आणि त्यापोटी पगारातून काही कापलं जाणार नाही ना, एवढंच विचारा. बऱ्याचदा शाळेला एजंटच्या मागणीचा पत्ताही नसतो, आणि ईमेल गेल्यावर ती मागणी विरून जाते. शाळेनेच मागितले असतील तर उत्तर गोलमोल येईल, किंवा येणारच नाही. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची आहेत.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न घाला, कारण तो परमिटपेक्षा महाग पडू शकतो. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळणार का? बारा महिन्यांऐवजी दहाच महिने पगार असेल, तर दोन वर्षांत चार पगार, १८,००० दिरहम, म्हणजे ४,१४,००० रुपये कमी होतात. मग सात लाख पस्तीस हजारांच्या जागी जेमतेम सव्वातीन लाख उरतात. एवढ्यासाठी मुलीला दोन वर्षं सोडून जावं का, हा तुमच्या घरचा निर्णय आहे, पण माझ्या मते जाऊ नये. वर्षाकाठी एकदा येण्या-जाण्याचं तिकीट कोण देणार हेही विचारा.

मुलीला आणि यजमानांना पुढे तिकडे न्यायचं असेल तर तो खर्च मात्र पूर्ण तुमचा. कुटुंबाला प्रायोजित करायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, ही अट तुम्ही पूर्ण करता. पण शेअरिंगच्या खोलीत कुटुंब राहणार नाही, आणि शारजातलं घरभाडं, व्हिसा, मुलीची फी हे एका ४,५०० मध्ये बसत नाही. यजमानांना तिथे नोकरी लागेपर्यंत हा विचार बाजूला ठेवा.

कराची काळजी फार नको. तिथे पगारावर आयकर नाही. एप्रिलमध्ये गेलात आणि त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला, तर तुम्ही इथे अनिवासी ठराल आणि तिकडचा पगार इथे करपात्र होणार नाही. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं उघडा, सध्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे इथल्या व्यवहारांसाठीचं अनिवासी खातं, करून घ्या.

शाळेने खर्च उचलला, सुट्टीचा पगार कबूल केला, मंत्रालयाचं ऑफर लेटर पाठवलं, तर एक लाखाची तयारी करून निश्चिंत मनाने जा. नाही म्हणाली तर ही ऑफर सोडा आणि कागदपत्रांचं साक्षांकन तेवढं आत्ताच करून ठेवा. ते पुढच्या शाळेसाठीही चालेल, आणि पुढच्या वेळी शाळेशी थेट बोलता येईल.