वासोटा कधी, बुटाचा सोल का सुटतो, भिलारला किती वेळ?

डोंगर, छोटे प्रवास आणि वाचन यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि आमच्या जाणकारांची उत्तरं.

प्रश्न: नोकरीमुळे शनिवार-रविवारच हाताशी असतात. पाडव्याला वर्षभराच्या किल्ल्यांची यादी करतो, पण जूनपासून सगळं बारगळतं. वर्ष आखायचं कसं? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर: यादी किल्ल्यांची करता, म्हणून बारगळते. आधी ऋतू मांडा, मग ठिकाणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे लांबच्या वाटांचे महिने: वासोटा, कमळगड, चंदन-वंदन, वैराटगड. ते लग्नसराईत वाहून जाऊ देऊ नका. मार्च ते मे सकाळी सहाला चढायला लागायचं आणि दहाच्या आत खाली. अजिंक्यतारा किंवा जरंडेश्वर एवढंच बस्स. दुपार पुस्तकाची. उन्हाळ्यातच काय, केव्हाही कड्यांवरची आग्या मोहोळं बघून चाला. अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून लांब पळा. पाण्यात बुडी मारण्यात अर्थ नाही, वर आलात की त्या तिथंच घोंगावत असतात.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा पायऱ्यांचा सज्जनगड बरा. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ताही चालतो. सप्टेंबरात कासचं पठार, जमलं तर रजा टाकून मधल्या वारी. फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे फोटोसाठी पायवाट सोडली की रोपं मुळासकट जातात. महिन्याला मोठी वाट एकच धरा. उरलेले रविवार मोकळे ठेवलेत तरच वर्ष पुरं होतं.

प्रश्न: वासोट्याला एका दिवसात नागेश्वरच्या गुहेसह जाऊन येता येईल का? (कराड)

उत्तर: चालणाऱ्यांचा पाय चांगला असेल आणि पहिली लाँच मिळाली तरच. एरवी नाही. हिशोब बघा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली घाटरस्त्याने सव्वा ते दीड तास. तिथं वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्र सोबत हवं. मग शिवसागर जलाशयातून लाँचने साधारण दीड तास. पायथ्यापासून गडमाथा दोन ते अडीच तास, उतरायला दीड-दोन. हा कोयना अभयारण्याचा भाग आहे, मुक्कामाला परवानगी नाही आणि पावसाळ्यात वाट बंद असते. लाँचवाला परतीची वेळ सांगतो ती पाळावीच लागते.

बिनसतं ते बहुधा असं: साताऱ्यातून आठला निघायचं, लाँच भरायची वाट बघायची, चढायला साडेबारा वाजवायचे आणि वर आल्यावर नागेश्वरचा मोह धरायचा. पहाटे पाचला सातारा सोडा. लाँच पूर्ण ठरवावी लागते, म्हणून दहा-बारा जणांचा मेळ घातला तर भाडं अंगावर येत नाही. पाणी माणशी तीन लिटर. सुरुवातीला मारुती-गणपतीच्या मूर्तींजवळ ओढा लागतो, पण पुढच्या दाट झाडीत वारा लागत नाही आणि घाम धो धो वाहतो. त्यात मीठ जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं की उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे घरूनच करून न्या. माथ्यावर बाबू कड्याच्या टोकाशी बसून जुना वासोटा समोर बघायचा; तिकडं जायच्या फंदात पडू नका, रान माजलेलं आहे.

प्रश्न: चांगले महागडे बूट चार वर्षं जपून ठेवले होते. पहिल्याच चढाला सोल निघाला. कंपनीचा दोष की माझा? शिवाय उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर: जपून ठेवले हेच कारण. बऱ्याच बुटांत मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू आतून विरतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेल्या बुटांत ओल कोंडून राहते. वरून बूट नवाकोरा दिसतो. निघायच्या आठवडाभर आधी त्या थरावर नख दाबून बघा: भुगा पडला किंवा चीर गेली, तर तो बूट गडावर न्यायचा नाही. चाल पडणारे बूट जास्त टिकतात, तेव्हा महिन्यातून एकदा तरी घालून हिंडा. सोबत दोन मीटर सुतळी ठेवा. सोल सुटला तर तळव्याखालून दोन वेढे घेऊन, चवड्याशी आणि टाचेपुढे आवळून खालपर्यंत येता येतं.

नखांचं म्हणाल तर पाय बुटात पुढं सरकतो आणि दर पावलाला अंगठा आदळतो. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जाड मोजा घालून अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतरणीआधी टाच मागं दाबून घोट्याशी नाडी पुन्हा घट्ट करा, चवड्यावर सैल चालेल. नखं दोन दिवस आधी कापा, निघायच्या पहाटे नव्हे.

प्रश्न: गडावर जायच्या आधी काय वाचावं? आणि सांगलीजवळ, अर्ध्या दिवसात होईल असं काही? (मिरज)

उत्तर: सातारा जिल्ह्याचं 1885 चं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, काढा. इंग्रजी जुनं आहे, पण किल्ल्यांची वर्णनं नेमकी आहेत: दरवाजे कुठे, टाकी किती. गडावर गेल्यावर त्यातलं काय उरलंय ते शिसपेन्सिलीने टिपा. धुक्यात शाई फुटते. साताऱ्याचं नगर वाचनालय 1852 चं, जुन्या संदर्भांसाठी तिथं अवश्य जावं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन फुकट वाचता येतात.

अर्ध्या दिवसात सागरेश्वर. पायथ्याशी जुनी देवळं, वर हरणांचं अभयारण्य, जवळच यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. त्यांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राची सुरुवातीची पानं वाचून गेलात तर गाव वेगळं दिसेल. मिरजेहून आणखी जवळ हवं असेल तर दंडोबाचा डोंगर.

प्रश्न: भिलारला मुलांना न्यायचं आहे. किती वेळ लागेल? (वाई)

उत्तर: भिलार हे पुस्तकांचं गाव पाचगणीपासून पाचेक किलोमीटरवर आहे. 2017 पासून गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. तासाभरात ‘सगळी घरं’ उरकू नका. दोनच घरं ठरवा, एक मुलांच्या पुस्तकांचं, एक तुमच्या आवडीचं, आणि प्रत्येकी दोन तास द्या. पुस्तकं तिथंच वाचायची असतात, तेव्हा नावं टिपायला वही न्या. ही लोकांची राहती घरं आहेत. आत जायच्या आधी पायरीशी थांबून हाक मारा. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, तेव्हा चारनंतर तिथं रेंगाळू नका.